पालथी चिठ्ठी

प्रिय सूनबाई,

'प्रिय' वाचून दचकू नकोस. पत्राची सुरुवात तशीच करतात म्हणून लिहिलं, आणि लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं नाही, इतकंच. फोन का केला नाही, हा तुझा पहिला प्रश्न असेल. फोनवर तू 'हो आई, बरं आई' म्हणत राहतेस आणि माझं मुद्द्याचं बोलणं राहून जातं. पत्राला मध्येच 'बरं आई' म्हणता येत नाही. शनिवारी तुझा नवरा तुला आणायला येतोय, त्याच्या हातून हे पाठवतेय. पाकीट चिकटवून वर चिकटपट्टीही लावली आहे, तरी फोडलेलं दिसलं तर त्याचा कान धर. माझा हात तिथवर पोचत नाही. आणखी एक सांगणं आहे, हुकूम समजलीस तरी हरकत नाही. दूरच्या एका शहरात कुणीतरी तुझ्या उत्तराची वाट बघतंय आणि तू त्यांना 'जमणार नाही' असं एकदा कळवलं आहेस आणि पुन्हा तेच कळवणार आहेस, हे मला समजलं आहे. कसं समजलं ते ओघात येईल. ते कळवण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचायचं. मधली पानं गाळायची नाहीत. गाळण्यासारखी पानं मी लिहीत नाही.

तुझ्या बाबांच्या पायाचं प्लॅस्टर निघालं, बरं झालं. त्यांना म्हणावं, या वयात शिडीवर चढून दिवे बदलू नयेत, अशा कामांसाठी जावई असतो. अर्थात त्यांचा जावई हा माझा मुलगा आहे, त्यामुळे मी फार खात्रीने बोलत नाही. तो चढला असता तर दिवा आणि शिडी दोन्ही नवीन आणावी लागली असती. इकडे सगळं ठीक, नाणी पारखून घ्यायला लोक येताहेत. शेजारचा कुलूपवाला तू गेल्यावर दोन दिवसांआड विचारायचा, "सूनबाई कधी येणार? तुमच्या दुकानातून भांडणाचा आवाज येत नाही, करमत नाही हो." मी म्हटलं, भांडायला समोर माणूस लागतं. तर म्हणाला, "माणूस होतं तेव्हा तरी कुठे भांडत होतात? गेलं वर्षभर नुसत्या गुण्यागोविंदाने!" मी त्याला किल्ली घासायला परत पाठवलं. पण त्याचं हे वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलंय. तूही ते लक्षात ठेव.

आता नाण्याकडे येते. कोटवाल्या बाई आल्या त्या दिवशी तू तिथेच होतीस, तरी मी सगळं पहिल्यापासून लिहिणार आहे. कारण त्या दुपारी एकाच टेबलाशी बसून तू एक पाहिलंस आणि मी दुसरंच. बाई हातावर जुना लोकरी कोट टाकून आल्या. धंद्याने शिंपीण, आणि तोंडाने आपल्या कुलूपवाल्याच्या वरचढ. कोट त्यांच्या आईचा. उंची कमी करून स्वतःच्या मापाचा करायला घेतला, खालची घडी उसवायचा आळस केला, तशीच मशीनखाली सरकवली, आणि खाडकन सुई मोडली. घडीत फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून शिवलेलं हे सोन्याचं नाणं. एका बाजूला मुकुट घातलेल्या बाईचा चेहरा, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज. "खोटं तर नाही ना हो? माझ्या आईने जन्मभर एखादं बटण जपलं असेल तर सांगा, मी कुणाला बोलणार नाही," असं म्हणत त्यांनी ते टेबलावर टाकायला हात उचलला, आणि तू झटकन खाली मखमलीचा तुकडा सरकवलास. तुझा हात भारी चपळ. मी हे त्या वेळी बोलले नाही.

बटण नव्हतंच ते. तराजूने हो म्हटलं, मापाने हो म्हटलं, किनारीवरचे दाते सगळीकडे सारखे होते, कडी लावून काढल्याची कुठे खूण नव्हती. सोनं खरं आणि नाणंही खरं. पण आपलं काम तिथे सुरू होतं. मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मामंजींना सोन्याचा कस कसा काढतात ते समजावून सांगायला गेले होते. माझे सासरे म्हणजे मोजून बोलणारा माणूस. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोनं सोनार बघेल. आपण नाणं बघायचं." त्यांचेच ते पाच दर्जे आपण अजून वापरतो: कोरं, जवळजवळ कोरं, हाताळलेलं, झिजलेलं, आणि कडी किंवा भोक पाडून गळ्यात घातलेलं असेल तर 'दागिना'. आणि त्यांचीच ती चिठ्ठीची पद्धत. दोघांनी नाणं बघायचं, बघताना तोंडातून अक्षर काढायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या, दर्शनी बाजू आणि मागची बाजू, आणि चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवायची. उलटायची वेळ आली की लहानाने आधी उलटायची, म्हणजे मोठ्याचं बघून लहान बदलत नाही. दोन्ही बाजूंचा दर्जा वेगळा निघाला तर नाण्याचा दर्जा दर्शनी बाजूवरून धरायचा. मागच्या बाजूची खोट मात्र लपवायची नाही, लिहायचीच.

तर आपण दोघींनी बघितलं. जहाजाच्या शिडावर बाईंच्या सुईने बारीकसा टोचा पाडला होता, तो एखाद्या आंधळ्यालाही दिसला असता. दर्शनी बाजूला चेहऱ्याचे नाक-डोळे ठीक, पण कानावरची केसांची बट सपाट. नाण्याच्या चेहऱ्यावर ती बट सगळ्यात उंच असते, म्हणून हाताळणीत आधी तीच जाते. मी लिहिलं: दर्शनी, हाताळलेलं, मागची, हाताळलेलं, टोचा. तू तुझी चिठ्ठी उलटलीस. शब्दाला शब्द तेच. मी माझी उलटली आणि मनात म्हटलं, पोरगी तयार झाली. खोटं कशाला बोलू, खूश झाले. बाईंना सांगितलं, नाणं खरं आहे, पण पुष्कळ हातांतून गेलेलं आहे, सोन्याच्या भावापेक्षा थोडंसं जास्त मिळेल. त्या जरा हिरमुसल्या आणि मग हसल्या. "मग वितळवूनच घेते. समोरच सोनार आहे. लेकीला कानातलं होईल. कोटाच्या घडीत राहून कुणाला दिसणार होतं?" मी म्हटलं, तुमची मर्जी. त्या कोट उचलून गेल्या.

त्या पायरी उतरतात न उतरतात तोच तू "आई, त्या छत्री विसरल्या!" असं ओरडत छत्री घेऊन धावलीस. बाहेर लख्ख ऊन. बाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात कोटाशिवाय काही नव्हतं. आणि तू जी घेऊन धावलीस ती माझी छत्री होती, मुठीला निळा दोरा बांधलेली. तेवढं मला दुकानातूनही दिसलं. तू परत आलीस ती घाम पुसत, आणि मी म्हटलं, "माझी छत्री दान केलीस वाटतं?" तू म्हणालीस, "अगंबाई, तुमची होती?" मला वाटलं, वेंधळी आहे झालं, कामात हुशार असलेल्या माणसांना एवढं माफ असतं. दुसऱ्याच दिवशी तुझे बाबा शिडीवरून पडले, तू माहेरी गेलीस, आणि छत्री बाईंकडेच राहिली.

तू गेल्यावर काही दिवसांनी बाई ती छत्री घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "ही तुमची. मला कशाला दिली ते तेव्हा कळलंच नाही. पण सूनबाई म्हणाल्या, घेऊन जा, आणि परत द्यायच्या निमित्ताने नाणं घेऊन या. तोवर सोनाराच्या पायरीवरही जाऊ नका. सासूबाईंचा चष्मा बदलला की पुन्हा बघतील." इतकं निष्पापपणे बोलल्या की त्यांच्यावर चिडायलाही जागा नाही. वर विचारतात, "बदलला का हो चष्मा?" मी म्हटलं, बसा, चहा टाकते. आणि आत जाऊन गॅससमोर उभी राहिले. राग आला होता. किती, ते सांगते: समोर चहा उतू गेला आणि मी बघत राहिले. माझ्या टेबलाशी बसून, माझ्या पाठीमागे, माझ्या चष्म्याबद्दल! मग ओटा पुसला, उरलेला चहा गाळला, आणि बाहेर येऊन म्हटलं, द्या ते नाणं.

नेहमीसारखं उजव्या डोळ्याला भिंग लावून पाहिलं. बट सपाट. चेहरा ठीक. मला जे दिसलं होतं तेच दिसलं. मग, का कोण जाणे, भिंग डाव्या डोळ्याला लावलं. तुला माहीत आहे, माझ्यासाठी हे डाव्या हाताने सही करण्यासारखं आहे. आजवर कधी केलेलं नाही. नाणं दिव्याखाली धरून हळूच कलवलं, आणि त्याचं तेज फिरलं. बाईंसमोर माझ्या तोंडून "अरे!" निघालं. टाकसाळीतून निघालेल्या नाण्याची कातडी शाबूत असली की कलताना त्यावरून उजेडाचा पट्टा गोल फिरतो, उन्हात फिरणाऱ्या पात्यासारखा. झिजलेल्या जागेवर आला की तो पट्टा तुटतो, कारण तिथली कातडी गेलेली असते. इथे तो त्या सपाट बटेवरूनही न तुटता सरळ गेला. म्हणजे बट झिजलीच नव्हती. ती मुळातच उठली नव्हती. ठसा हलका पडला होता, आणि त्यानंतर त्या नाण्याला जवळजवळ कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. ठसा हलका की झीज, हा या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो मीच तुला शिकवला होता. तुला तो सुटला होता. मला सुटला नव्हता, आणि तरी आपल्या चिठ्ठ्या जुळल्या होत्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा कडक निघाल्या, त्यामुळे आमचं छान जमलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकला होता. "इतके दिवस काय करत होतात?" म्हणाल्या. म्हटलं, नाणी पारखत होते. "या डोळ्याने?" म्हटलं, नाही, सुनेच्या, पण हे मला आत्ताच कळलंय. ऑपरेशन झालं. हो, झालं, उगाच आता फोन करून रडारड करू नकोस. तुला कळवायचं नाही अशी तुझ्या नवऱ्याला मीच तंबी दिली होती; तुझे बाबा पलंगावर असताना तू त्यांचं प्लॅस्टर आणि माझी पट्टी यांच्यामध्ये धावाधाव केली असतीस. त्याने सगळं नीट केलं. थेंब वेळेवर घातले, फक्त एकदा दुसऱ्याच डोळ्यात. पट्टी निघाल्यावर मला बऱ्याच गोष्टी कळल्या. कुलूपवाल्याच्या पाटीवर लाल आणि केशरी असे दोन रंग आहेत, एक नव्हे. माळ्यावरच्या कोपऱ्यात कोळ्याने संसार थाटलाय आणि तू इतके दिवस तो मला दिसत नाही म्हणून निर्धास्त होतीस. आरशातही पाहिलं. माझा दर्जा मी लिहून पालथा ठेवलाय, उलटणार नाही.

आणि मग कुलूपवाल्याच्या वाक्यावर आले. गेलं वर्षभर गुण्यागोविंदाने. पूर्वी आपल्या चिठ्ठ्या चारात एकदा तरी जुळत नसत. तू 'जवळजवळ कोरं' म्हणायचीस, मी 'हाताळलेलं', तू भिंग माझ्यासमोर आपटायचीस (भिंग आपटू नये, हे अजूनही सांगते), आणि तुझा नवरा कानावर हेडफोन चढवून आतल्या खोलीत पळायचा. वर्षभर तसं काही झालं नाही. मी समजत होते, मी तुला घडवलं. खरं म्हणजे तू नाणं बघायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागली होतीस. आईंना हे कसं दिसेल, त्या काय लिहितील, ते ओळखून लिहायचीस. माझा डोळा गेलाय हे माझ्याआधी तुला कळलं, आणि गिऱ्हाइकासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून तू स्वतःची चिठ्ठी खाली घातलीस. ज्या नाण्यांत खरंच फरक पडत होता तिथे तू मागाहून काहीतरी निमित्त काढून सावरून घेतलंस, हेही आता एकेक आठवतंय. ती "पुन्हा वजन करून बघू" म्हणून थांबवलेली पाकिटं. ते "फोटो धूसर आला" म्हणून परत बोलावलेलं गिऱ्हाईक. मला वाटायचं, केवढी काळजी घेते कामाची.

लग्न होऊन तू नवीन आली होतीस तेव्हाची गोष्ट आठवते का? माझ्या वाढदिवसाला मला खूश करायचं म्हणून तू सरावाच्या तबकातली सगळी नाणी पितळ घासायच्या पावडरीने घासून चकचकीत करून ठेवलीस आणि वर फुलं वाहिलीस. त्या दिवशी मी तुला ओरडले नाही, याचं तुझ्या नवऱ्याला अजून नवल वाटतं. मी फक्त तुला खुर्चीवर बसवलं, भिंग दिलं, आणि त्या चकाकीखालचे केसासारखे बारीक ओरखडे दाखवले. तू म्हणालीस, "पण मला वाटलं चांगलं दिसेल." दिसत होतंच की. म्हणून तर लोक घासतात. वाईट हेतूने नाणं कुणीच घासत नाही. गेलं वर्षभर तू आपल्या दोघींच्या चिठ्ठ्या तशाच घासत होतीस. छान चमकत होत्या. त्यांतलं तेज मात्र फिरत नव्हतं, आणि मला ते दिसायला ऑपरेशन करून घ्यावं लागलं.

रागावलेबिगावले आहे असं समजू नकोस. राग उतू गेलेल्या चहाबरोबरच गेला. पण सासू म्हणून नव्हे, याच टेबलाशी तुझ्याआधी बसलेली बाई म्हणून एक सांगते: नाण्यासमोर माणसाची दया करायची नाही. चूक दाखवली असतीस तर मी तासभर फुरंगटले असते, आणि मग डॉक्टरकडे गेले असते. ते नाणं मात्र सोनाराकडे एकदा वितळलं असतं तर कुणाच्या माफीने परत मिळालं नसतं. आता याची दुसरी बाजूही लिहिते, कारण दुसरी बाजू लिहायची असा आपला नियम आहे. माझं मन आणि ते नाणं, दोन्ही वाचवायला तुझ्या हाताशी कोपऱ्यातली एक छत्री होती, आणि लख्ख उन्हात तू ती घेऊन धावलीस. मामंजी असते तर हसले असते. ते वर्षातून एकदा हसत.

पट्टी निघाल्यावर बाई पुन्हा येऊन गेल्या. नव्या डोळ्याने बघून मी त्यांना लेखी दिलं: दर्शनी, जवळजवळ कोरं, ठसा हलका, मागची, शिडावर सुईचा टोचा. त्याचं मोल सांगितल्यावर बाईंनी आधी माझ्याकडे, मग कोटाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आई गं, तो टोचा माझ्या आळसाचा!" मी म्हटलं, तुमच्या आईच्या फ्लॅनेलने बाकीचं राखलं. विकायचं की ठेवायचं ते अजून त्यांचं ठरलं नाही. तोवर नाणं पुन्हा कोटाच्या घडीत शिवून टाकलंय. म्हणे, बँकेपेक्षा आईच्या तिजोरीवर भरवसा जास्त. आणि आता त्या दुपारी मोकळ्या असल्या की दुकानात येऊन बसतात. रिकामी खुर्ची बघून मीच एकदा चिठ्ठी पुढे केली. पहिल्याच चिठ्ठीवर लिहिलं, 'छान आहे.' मी म्हटलं, हे मुलगी बघायला गेल्यावर बोलायचं, इथे नाही. पण त्या नाणं हातात घेतात ते कापडासारखं, आधी उलटी बाजू बघतात, आणि जे दिसेल ते खरं बोलतात. तुझ्याइतका डोळा व्हायला वेळ लागेल, कदाचित होणारही नाही. पण माझ्यासमोर बसून मला चूक म्हणायला त्या घाबरत नाहीत, आणि सध्या मला तेवढंच हवंय. कुलूपवाला खूश आहे. आवाज पुन्हा सुरू झालाय.

तू म्हणशील, हे सगळं मला आत्ता का सांगताय, आठवड्याभरात मी येतेच आहे. म्हणून तर सांगतेय. मंगळवारी दुकानाच्या फोनवर त्या लिलाव कंपनीतल्या बाई बोलल्या. तू नकार दिलास, तरी त्यांनी अजून जागा भरलेली नाही, महिनाअखेरपर्यंत थांबताहेत, तुझं मत बदललं का ते विचारत होत्या. त्यांच्याकडे जुन्या सोन्याच्या नाण्यांचा अख्खा विभाग आहे आणि तो त्यांना तुझ्या हाती द्यायचा आहे. मी विचारलं, नकाराचं कारण काय दिलं? तर म्हणाल्या, "घरच्या जबाबदारीमुळे." म्हणजे मी. तुझ्या नवऱ्याला धरलं तर म्हणाला, "तिने शपथ घातली होती. आणि माझं काय आई, हेडफोन लावला की मी कुठल्याही शहरातून काम करू शकतो." मला ठाऊक आहे, माझ्या तोंडून कौतुकाचा शब्द फारसा निघत नाही, आणि तू त्याला वयाची झीज समजून गप्प बसत आली असशील. झीज नाही ती. ठसाच हलका पडलाय. कलवून धरलंस तर तेज फिरेल. आता तू जो निर्णय लिहिला आहेस तो नाण्याकडे बघून लिहिलेला नाही, माझ्या उजव्या डोळ्याकडे बघून लिहिलेला आहे, आणि तो डोळा आता बरा आहे. तेव्हा नवी चिठ्ठी घे. लहानाने आधी उलटायची हा नियम मी इतकी वर्षं एकदाही मोडला नाही, आज मोडतेय. कारण मला काय वाटत असेल हे ओळखायचं काम तुझ्याकडून काढूनच घ्यायचंय. ही माझी चिठ्ठी, उलटून ठेवलेली. दर्शनी बाजू: जावंस. मागची बाजू: दुपारी टेबलाशी तुझी खुर्ची बघवणार नाही. दोन्ही खरं आहे, आणि दोन बाजूंत फरक असला की काय धरायचं ते तुला मीच शिकवलंय. तुझी चिठ्ठी तू लिही. माझ्याशी जुळलीच पाहिजे असं नाही. जुळवलेली मात्र मला आता लगेच कळेल.

तुझीच,
दोन्ही डोळ्यांनी वाट बघणारी,
आई

ता. क. निळ्या दोऱ्याची छत्री तुझ्या नवऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे. तिकडे जाशील तेव्हा घेऊन जा. ती माझी आहे, हे आता तुला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा परत द्यायच्या निमित्ताने येत जा.